आखूड व्हीलबेसच्या छोट्या एसयूव्हीमागे हलका ट्रेलर जोडावा का?

आडवाट_प्रेमी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे तीन दारांची सुझुकी जिम्नी आहे. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर) २२५० मिलिमीटर, रिकाम्या गाडीचे वजन ११०० किलोच्या आसपास, इंजिन दीड लिटरचे, ७५ किलोवॉट शक्तीचे आणि १३० न्यूटन-मीटर टॉर्कचे. तिच्यामागे जोडण्यासाठी थेंबाच्या आकाराचा एक लहानसा मुक्कामी ट्रेलर घेण्याचे जवळजवळ ठरले आहे. आत दोघांना झोपता येते, मागचे झाकण वर केले की स्वयंपाकाचा ओटा आणि त्याखाली पाण्याची टाकी, खाली एकच आस, ओव्हररन ब्रेक (गाडी मंदावली की ट्रेलरच्या स्वतःच्या रेट्याने लागणारे), आणि विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे रिकामे वजन ४२० किलो.

गाडीच्या पुस्तिकेत ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी १३०० किलो आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी ३५० किलो अशी मर्यादा दिली आहे. ४२० आणि १३०० हे दोन आकडे शेजारी ठेवले तर काळजीचे कारण दिसत नाही. तरीही ज्याला विचारावे तो एवढेच म्हणतो, की व्हीलबेस आखूड आहे, जपून. नेमके कशाला जपायचे, इंजिनाला, ब्रेकना, मागच्या स्प्रिंगांना की आणखी कशाला, हे मात्र कोणी उलगडून सांगत नाही. ज्यांनी अशी जोडी प्रत्यक्ष चालवली आहे त्यांचे अनुभव हवे आहेत, आणि जमल्यास त्यामागची कारणेही.

लांब_पल्ला

माझ्या मते तुम्ही उगाच काळजी करत आहात. अशाच एका छोट्या गाडीमागे सामानाचा उघडा ट्रेलर मी दोन वर्षे ओढतो आहे. भरल्यावर तो ३०० किलोच्या आत असतो. सपाट रस्त्यावर तो मागे आहे याचा विसर पडतो. चढावर एक गिअर खाली घ्यावा लागतो, एवढाच काय तो फरक. घ्या आणि निघा.

मागचा_आरसा

लांब_पल्ला, तुमच्या अनुभवावर मला शंका नाही. परंतु तुमचा ट्रेलर उघडा, बुटका आणि ३०० किलोच्या आतला आहे, तर धागाकर्त्यांचा बंद, उंच आणि भरल्यावर बहुधा ५०० किलोच्या पुढे जाणारा. या दोहोंना एकाच मापाने मोजू नये, म्हणून माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो.

एका परिचिताचा बंद ट्रेलर मी माझ्या आखूड गाडीला जोडला होता. सामान भरताना मागचे दार उघडे होते, त्यामुळे जड वस्तू साहजिकच दारापाशी राहिल्या. जवळपास तासभर सगळे सुरळीत चालले होते. मग एक लांबलचक, सौम्य उतार आला, वेग ताशी ९० किलोमीटरच्या थोडा वर गेला आणि शेजारून एक मोठा ट्रक पुढे निघून गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलरची शेपूट आधी त्याच्याकडे ओढली गेली, मग बाहेर फेकली गेली, आणि त्यानंतर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. मी स्टिअरिंगने सावरायला गेलो, पण माझा प्रत्येक प्रयत्न अर्ध्या हेलकाव्याने उशिरा पडत होता आणि त्यामुळे झोका वाढतच होता. शेवटी स्टिअरिंग सरळ धरून ठेवले, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, ब्रेकला हात लावला नाही, आणि ७० च्या खाली आल्यावर सगळे शांत झाले. रस्त्याच्या कडेला थांबल्यावर पंधरा मिनिटे मला गाडी पुढे नेण्याचे धैर्य झाले नाही.

त्या ट्रेलरचे वजन मर्यादेच्या निम्मेसुद्धा नव्हते. जपायचे ते याला.

कोनमापक

मागचा_आरसा यांनी जे सांगितले त्यामागचे यंत्रशास्त्र मांडण्याचा प्रयत्न करतो, कारण धागाकर्त्यांनी कारणे विचारली आहेत आणि ती जाणून घेण्यासारखी आहेत.

ट्रेलर डोलू लागतो तेव्हा तो हिचच्या बॉलला (गाडीमागच्या, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) आडवा ढकलतो. हा बॉल गाडीच्या मागच्या आसाच्याही मागे असतो, म्हणून गाडीची एक तरफ होते, आणि तिचा टेकू असतात मागची चाके. बॉल डावीकडे ढकलला गेला की गाडीचे नाक उजवीकडे वळू पाहते आणि त्याला रोखण्याचे काम पुढच्या चाकांवर येते. व्हीलबेस जितका लांब तितकी पुढच्या चाकांच्या बाजूची भुजा लांब आणि काम सोपे. आखूड गाडीत ही भुजाच तोकडी असते. त्यातच गाडी हलकी असल्याने, तिला फिरवू पाहणाऱ्या जोराला विरोध करणारे तिचे स्वतःचे जडत्वही कमी पडते.

दुसरी गोष्ट वेगाची. कोणताही ट्रेलर थोडासा डोलतोच, आणि टायरांच्या पकडीमुळे तो डोल आपोआप शमतो. मात्र वेग वाढतो तशी ही शमण्याची क्रिया क्षीण होत जाते आणि एका विशिष्ट वेगानंतर हेलकावे शमण्याऐवजी वाढू लागतात. तो वेग प्रत्येक जोडीसाठी वेगळा असतो. ट्रेलरचा ड्रॉबार (गाडीला जोडणारा पुढचा दांडा) आखूड असेल, जड सामान आसापासून दूर, विशेषतः मागच्या टोकाला असेल, बॉल मागच्या आसापासून फार लांब असेल, टायरांत हवा कमी असेल, तर हा वेग खाली येतो. उतारावर ट्रेलर मागून रेटत असतो, त्यामुळे धोका तेथे अधिक असतो. इंजिनाची ताकद या हिशेबात कुठेच येत नाही, हे लक्षात घ्यावे.

धागाकर्त्यांच्या गाडीबद्दल आणखी एक सांगतो. तिचे स्टिअरिंग रॅक-पिनियनचे (दातेरी पट्टीचे) नसून रीसर्क्युलेटिंग बॉल प्रकारच्या (आत छोटे गोळे फिरणाऱ्या) पेटीचे आहे. खडकाळ वाटेवर ते दणके सोसते, पण अशा स्टिअरिंगला मध्यापाशी किंचित ढिलाई असते. वेगात डोल सावरण्यासाठी ही ढिलाई मुळीच सोयीची नाही.

नवी_चाके

मागच्या टोकाला जड सामान नको, तर मग बॉलवर जितका जास्त भार तितके चांगले असे समजावे का? मी वाचले आहे, की ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर हवा.

कोनमापक

जास्त भाराने ट्रेलर स्थिर होतो हे खरे, पण त्याची किंमत गाडी मोजते. एक उदाहरण घेऊ. बॉल मागच्या आसापासून ८० सेंटिमीटर मागे आहे असे धरा आणि त्यावर ७० किलो भार ठेवा. व्हीलबेस २.२५ मीटर असेल तर पुढच्या आसावरचे सुमारे २५ किलो वजन उचलले जाते आणि मागच्या आसावर ७० ऐवजी ९५ किलो पडतात. ज्या पुढच्या चाकांवर आपण डोल रोखण्याचे काम सोपवले तीच हलकी झाली. लांब गाडीत हाच परिणाम सौम्य असतो. म्हणून आखूड गाडीला मधला मार्ग शोधावा लागतो, आणि हिचवर व पुस्तिकेत जो कमाल उभा भार (बॉलवर वरून खाली पडणारा) लिहिला आहे तो कोणत्याही टक्केवारीपेक्षा वरचा मानावा लागतो.

सातपेरी

टक्केवारीविषयी थोडा मतभेद नोंदवते. १० ते १५ टक्के ही अमेरिकेतली पद्धत आहे. ब्रिटनमध्ये ५ ते ७ टक्क्यांचा सल्ला दिला जातो. अनेकजण यातले एक बरोबर आणि दुसरे चूक असे धरून वाद घालतात. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही आपापल्या परिस्थितीत योग्य आहेत. युरोपातले ट्रेलर हलके असतात, त्यांच्यासाठी वेगमर्यादा कमी असते (जर्मनीत सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटर) आणि हिचचा उभा भारही कमी ठेवलेला असतो. अमेरिकेत ट्रेलर जड, वेग जास्त आणि ओढणारी वाहनेही मोठी. कमी टक्केवारी घ्यायची असेल तर तिच्यासोबतचा कमी वेगही घ्यावा. एकीकडची टक्केवारी आणि दुसरीकडचा वेग अशी सरमिसळ करू नये.

लांब_पल्ला

मागचा_आरसा यांचा अनुभव वाचून माझे पहिले मत थोडे बदलतो. माझा ट्रेलर बुटका आहे आणि मी ८० च्या वर जात नाही, हे सांगायचे राहिले होते. तरीही सगळा दोष व्हीलबेसवर ढकलणे मला पटत नाही. लँड रोव्हरच्या नव्या डिफेंडर ९० चा व्हीलबेस २५८७ मिलिमीटर आहे, म्हणजे पाच दारांच्या जिम्नीच्या २५९० पेक्षा तीन मिलिमीटरने कमीच. तरीही त्या डिफेंडरला ३५०० किलोचा ब्रेक असलेला ट्रेलर ओढण्याची परवानगी आहे. मग आखूडपणा राहिला कुठे?

कोनमापक

उदाहरण छान दिलेत, पण ती डिफेंडर दोन टनांहून जड आहे. ट्रेलरने गाडीला हलवायचे की गाडीने ट्रेलरला, हे दोघांच्या वजनाच्या प्रमाणावरही ठरते. व्हीलबेसचा वेगळा परिणाम पाहायचा असेल तर एकाच जातीच्या दोन गाड्या घ्याव्या लागतील. २०१८ च्या जीप रँग्लरमध्ये दोन दारांच्या आवृत्तीची ओढक्षमता २००० पौंड, म्हणजे ९०७ किलो होती, आणि चार दारांच्या लांब आवृत्तीची ३५०० पौंड, म्हणजे सुमारे १५९० किलो. तिथे लांबीने फरक पडलेला स्पष्ट दिसतो.

वजनदार_वाद

मंडळी, एक मुद्दा कोणीच मांडलेला नाही आणि प्रत्यक्षात तोच सर्वात आधी अडवतो. बॉलवरचा भार हा गाडीतल्या सामानात मोजला जातो. तीन दारांच्या जिम्नीचे कमाल एकूण वजन १४३५ किलो आहे. धागाकर्त्यांच्या आकड्याप्रमाणे गाडी ११०० किलोची धरली, तर माणसे, सामान, हिचची चौकट आणि बॉलवरचा भार मिळून ३३५ किलोच उरतात. चार माणसे २६० किलोची धरा, हिचची चौकट २० ची, बॉलवर ४५ किलो, आणि गाडीत दहा किलोची पिशवी टाकलीत की हिशेब संपला. छपरावर सामानाची जाळी असेल तर तीही यातच. १३०० किलोची ओढक्षमता कागदावर शिल्लक राहते आणि गाडी मात्र भरून वाहत असते.

दोघेच प्रवास करणार असाल तर प्रश्न नाही. चौघांचे कुटुंब असेल तर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा.

मागचा_आरसा

अगदी महत्त्वाचा मुद्दा. भर म्हणून एवढेच, की मागच्या स्प्रिंगा मऊ असल्याने भार पडला की गाडीची शेपूट बसते आणि ट्रेलर पुढून झुकतो. याउलट ज्यांनी गाडी उंच करून मोठे टायर लावले आहेत त्यांचा बॉल फार वर जातो, ट्रेलरचे नाक आकाशाकडे होते आणि भार मागे सरकतो. भार चढवून झाल्यावर ट्रेलर समतल किंवा नाकाकडे किंचित उतरता उभा राहिला पाहिजे. नाहीतर योग्य उंचीच्या बॉल-माउंटने (बॉल बसवायच्या दांड्याने) उंची जुळवून घ्यावी.

नवी_चाके

इंजिनाचे काय? १३० न्यूटन-मीटरमध्ये घाट चढेल का?

कोनमापक

हिशेब करून पाहू. गाडी, दोन माणसे आणि ट्रेलर मिळून १८०० किलो, चढ ६ टक्के, वेग ताशी ६० किलोमीटर. केवळ चढण्यासाठी सुमारे १८ किलोवॉट लागतात, टायरांची घसट आणि हवेचा विरोध धरून ३० च्या आत काम होते. इंजिनाची कमाल शक्ती ७५ आहे. म्हणजे चढेल, मात्र तिसऱ्या गिअरमध्ये, वरच्या आवर्तनांवर, आणि आवाज करत. त्या आवाजाला घाबरून वरचा गिअर टाकून इंजिन घुसमटवणे जास्त वाईट.

खरी परीक्षा उतरताना होते. तोच उतार त्याच वेगाने उतरायचा तर तीच सुमारे १८ किलोवॉट शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. घसट आणि हवा थोडी खाते, उरलेली इंजिनाने रोखली नाही तर ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याही खालच्या गिअरमध्ये, उतार सुरू होण्याआधीच जावे. स्वयंचलित गिअरबॉक्स असेल तर ओव्हरड्राइव्ह (सर्वात वरचा गिअर) बंद ठेवावा, नाहीतर ती चढावर सारखी वर-खाली करत राहते आणि तिचे तेल तापते.

काठावरचा_नावाडी

मी छोटी होडी ओढतो, म्हणून पाण्यात उतरणाऱ्या रॅम्पवरचा अनुभव सांगतो. शेवाळलेल्या, ओल्या रॅम्पवरून होडीसकट वर येताना लांब, जड गाड्यांची मागची चाके जागच्या जागी फिरताना मी पाहिली आहेत, आणि माझी छोटी गाडी लो-रेंजमध्ये (फोर-व्हीलच्या संथ पण जोरदार गिअरांत) सावकाश, क्लच न जाळता वर आली आहे. हलक्या ट्रेलरसाठी अशा गाडीचे सर्वात मोठे सामर्थ्य हेच आहे, असे मी अगदी मनापासून म्हणतो.

एक खबरदारी मात्र सांगावीशी वाटते. या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या आसामध्ये मधला डिफरन्शियल (दोन्ही आसांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतो. म्हणून कोरड्या, पकड असलेल्या जमिनीवर फोर-व्हील घालून ट्रेलर वळवत मागे घेऊ नये. दोन्ही आसांमध्ये ताण साठतो आणि यंत्रणेला इजा होते. ओली, भुसभुशीत जमीन किंवा सरळ रेषा, एवढ्यापुरतेच ते ठेवावे.

सातपेरी

मागे घेण्याचा विषय निघालाच आहे तर धागाकर्त्यांना आताच सांगून ठेवते, की आखूड गाडी आणि आखूड ट्रेलर ही मागे घेण्यासाठी सर्वात अवघड जोडी आहे. लांब ट्रेलर आळशीपणे वळतो, चूक सुधारायला वेळ देतो. हा छोटा मात्र पाहता पाहता काटकोनात जातो. त्यातून ट्रेलर गाडीइतकाच रुंद किंवा अरुंद असेल तर सरळ असताना आरशांत दिसतच नाही आणि दिसतो तेव्हा बराच वळलेला असतो. ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर मी उंच, लवचिक काठ्या उभ्या केल्या. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा, म्हणजे हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर जातो. बिघडले की पुढे जाऊन सरळ करावे. त्यात कमीपणा मानू नये. मोकळ्या मैदानात एक अख्खी सकाळ सरावासाठी दिली तर पुढे खूप मनस्ताप वाचतो.

लांब_पल्ला

+१. ट्रेलर घेण्याआधी आणखी एक पाहा. जिम्नीचे मागचे दार बाजूला उघडते. ड्रॉबारवरचे आधाराचे चाक उंच असेल तर दार त्याला अडते आणि ट्रेलर सोडल्याशिवाय गाडीतून काहीच काढता येत नाही.

वजनदार_वाद

कायद्याविषयी एक सूचना. अनेक देशांत ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक बंधनकारक नाहीत. म्हणून "५०० किलोचा आहे, ब्रेक कशाला?" असे सांगणारे भेटतील. कायदा ट्रेलरपुरता बोलतो. या गाडीची स्वतःची मर्यादा ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी ३५० आहे, आणि दोहोंपैकी लहान आकडा पाळायचा असतो. सुरक्षा-साखळ्या ड्रॉबारखाली एकमेकींना छेदून लावाव्यात, म्हणजे कपलर (बॉलवर बसणारे ड्रॉबारचे टोक) सुटलाच तर ड्रॉबार जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. ब्रेक ओढणारी सुटकेची तार मात्र साखळीपेक्षा वेगळ्या, गाडीवरच्या पक्क्या जागी अडकवावी.

आडवाट_प्रेमी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद वाचून मी व्यवहार पक्का करण्याआधी विक्रेत्याकडे दोन दिवसांसाठी ट्रेलर मागितला, प्रवासाला निघायचे तसा भरला आणि वजनकाट्यावर नेला. निकाल येथे मांडतो, कारण तो माझ्या अपेक्षेपेक्षा फार वेगळा आला.

४२० किलोचा म्हणून सांगितलेला ट्रेलर भरल्यावर ५४० किलो भरला. बॉलवरचा भार घरच्या वजनकाट्यावर मोजला, तो निघाला अवघा २२ किलो, म्हणजे ४ टक्के. ओट्याखालची ६० लिटरची पाण्याची टाकी आसाच्या एक मीटर मागे आहे. ती रिकामी केली आणि पुन्हा मोजले. ट्रेलर ४८० किलो, बॉलवर ४५. एकही वस्तू न हलवता भार दुप्पट झाला. कोनमापक, हे बरोबर आहे का, की माझ्या मोजण्यात काही चुकले?

कोनमापक

आस आणि कपलर यांत किती अंतर आहे?

आडवाट_प्रेमी (धागाकर्ता)

२.६ मीटर.

कोनमापक

मग तुमचे मोजमाप अचूक आहे. ६० किलो, आसामागे १ मीटर, भागिले २.६, म्हणजे २३ किलो. भरलेली टाकी नाकावरचा एवढा भार उचलून धरत होती. तुम्ही ती तशीच भरून मोठ्या रस्त्याला लागला असता तर मागचा_आरसा यांच्यासारखा प्रसंग तुमच्यावरही येण्याची शक्यता होती. तुम्ही मोजलेत याचा मला फार आनंद झाला.

पाणी न्यायचेच असेल तर २० लिटरचे दोन कॅन आत, आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे, जमिनीलगत बांधून ठेवा. त्यांनी नाकावर साडेचार-पाच किलोच वाढतील, एकूण ट्रेलर ५२० आणि बॉलवर सुमारे ५०, म्हणजे साडेनऊ टक्के. तुमच्या हिचचा कमाल उभा भार त्याहून जास्त आहे ना, ते पाहून घ्या. ओट्याखालची टाकी मुक्कामाला पोचल्यावर भरा.

नवी_चाके

घरच्या काट्यावर बॉलचा भार कसा मोजला? थेट कपलर ठेवला का?

आडवाट_प्रेमी (धागाकर्ता)

थेट नाही. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना पाचर लावली, काट्यावर एक फळी ठेवली, आणि कपलरच्या खोबणीत बसेल असा लाकडी दांडका अशा लांबीचा कापून घेतला, की त्यावर टेकल्यावर कपलर गाडीच्या बॉलच्या उंचीलाच राहील. मग आधाराचे चाक हळूहळू वर घेतले, म्हणजे सगळा भार दांडक्यावर आला. उंची चुकली तर आकडाही चुकतो, हे पहिल्या प्रयत्नात कळले.

ट्रेलर घेतला आहे. टाकी रिकामी, कॅन आत, आम्ही दोघेच. काल ८० च्या वेगाने दीड तास चालवला. बाजूने मोठे ट्रक गेले तेव्हा एक हलका धक्का जाणवला आणि पुढच्या हेलकाव्याआधीच शमला. मागचे दार मात्र आधाराच्या चाकाला अडतेच, लांब_पल्ला. ते चाक काढून ठेवता येईल अशी पकड येत्या आठवड्यात बसवून घेणार आहे.